तिसऱ्या आठवड्यातला माणूस: मूलपेशींपासून गॅस्ट्रुलॉइड करण्याची सविस्तर पद्धत

माणसाच्या वाढीतला सगळ्यांत कमी पाहिला गेलेला काळ म्हणजे गर्भधारणेनंतरचा तिसरा आठवडा. आयव्हीएफमध्ये उरलेली भ्रूणं २०१६ साली दोन गटांनी १२-१३ दिवसांपर्यंत वाढवून दाखवली आणि तिथेच थांबवली, कारण मानवी भ्रूण प्रयोगशाळेत त्यापुढे वाढवायचं नाही ही १४ दिवसांची मर्यादा. दुसऱ्या बाजूने, गर्भपातानंतर अभ्यासासाठी मिळणारं ऊतक सहसा याच्या बरंच पुढच्या दिवसांतलं असतं. मधल्या दिवसांत आपण गरोदर आहोत हे त्या बाईलाही बहुधा माहीत नसतं. आणि नेमक्या याच दिवसांत पेशींच्या सपाट चकतीचे तीन थर होतात, डोकं कुठल्या टोकाला आणि शेपटीकडची बाजू कुठली हे ठरतं, पाठीच्या कण्याची आखणी सुरू होते. २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने १६ ते १९ दिवसांच्या एका मानवी भ्रूणातल्या सुमारे १,२०० पेशींमध्ये कोणती जनुकं चालू आहेत याचा नकाशा प्रसिद्ध केला आणि तो सगळ्या क्षेत्राचा आधार होऊन बसला. एका भ्रूणाचा नकाशा! माहितीचा दुष्काळ किती आहे ते यावरून कळावं.

ही पोकळी भरण्यासाठी मूलपेशींपासून, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकणाऱ्या पेशींपासून, केलेली मॉडेल वापरतात. त्यातलं त्रिमितीय मानवी गॅस्ट्रुलॉइड, म्हणजे एका बाजूला लांबून पुढचं-मागचं टोक येणारा मूलपेशींचा छोटा गोळा, हे मॉडेल नव्याने उभं करायचं असेल तर काय क्रमाने करावं, ते पुढे लिहिलं आहे. वाचणाऱ्याला निर्जंतुक हूडखाली काम करता येतं, पेशी वाढवता आणि मोजता येतात, एवढं गृहीत धरलं आहे. विषयाची नुसती उत्सुकता असेल तर आकडे ओलांडून वाचलं तरी चालेल.

प्रश्न आधी ठरवा

‘आम्हाला गॅस्ट्रुलॉइड करायचे आहेत’ हा संशोधनाचा प्रश्न होत नाही. मॉडेल निवडण्याआधी एका वाक्यात लिहून काढा: मला कोणत्या दिवसांतली, कोणती घटना, कोणत्या मापाने पाहायची आहे? वाक्य जमलं की मॉडेल जवळजवळ आपोआप ठरतं.

थर कसे पडतात, कोणता संकेत कुणाला जागा करतो, असा प्रश्न असेल तर सपाट मॉडेल उत्तम. २०१४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या गटाने काचेवर ठरावीक व्यासाची गोल बेटं करून त्यांवर मानवी भ्रूणमूलपेशी वाढवल्या आणि त्यांना बीएमपी४ हे प्रथिन दिलं. दोन दिवसांत भ्रूणाच्या तीन थरांसारखी पेशींची वर्तुळं पडली: मध्यभागी एक्टोडर्म (बाहेरचा थर), त्याभोवती मेसोडर्म (मधला) आणि एंडोडर्म (आतला), अगदी कडेला भ्रूणाबाहेरच्या ऊतकासारख्या पेशी. बीएमपी विंट या संकेताला जागं करतं, विंट नोडल या संकेताला, ही साखळी या बेटांवर फार नीट उलगडता आली. सगळी बेटं एका मापाची, त्यामुळे मोजमाप सोपं. पण इथे शरीराचा अक्ष, म्हणजे डोक्याकडून शेपटीकडे जाणारी रेषा, लांबत नाही. बेट बेटच राहतं.

अक्ष लांबताना पाहायचा असेल तर गॅस्ट्रुलॉइड. केंब्रिजमध्ये अल्फोन्सो मार्तिनेझ आरियास यांच्या गटाने २०१४ मध्ये उंदराच्या मूलपेशींचे आणि २०२० मध्ये माणसाच्या पेशींचे गॅस्ट्रुलॉइड दाखवले. काही शे पेशींचा गोळा तीन दिवसांत एका बाजूला लांबतो आणि त्याला पुढचं-मागचं टोक येतं.

मणक्यांचे पूर्वज असलेले सोमाइट हवे असतील तर त्याच वाटेवर पुढे क्योटोचे अ‍ॅक्सिओलॉइड आणि हार्वर्डचे सेगमेंटॉइड आहेत; दोन्ही २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

ब्लास्टॉइड हा प्रकार वेगळा. तो पहिल्या आठवड्यातल्या, गर्भाशयात रुजण्याआधीच्या भ्रूणाची नक्कल करतो. त्यात पुढे वार (प्लॅसेंटा) होणाऱ्या पेशींची नक्कलही असते. म्हणून नैतिक देखरेखही जास्त कडक. नव्या प्रयोगशाळेने पहिल्याच वर्षी ब्लास्टॉइडच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. बातमी होते, शिकणं कमी होतं.

परवानगीचे कागद

हे काम शेवटी उरकायचं नाही. भारतात आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ची मूलपेशी संशोधनाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं लागू आहेत. त्यानुसार संस्थेत मूलपेशी संशोधनाची स्वतंत्र समिती हवी आणि ती राष्ट्रीय शिखर समितीकडे नोंदलेली हवी. नेहमीची नैतिकता समिती वेगळी; एकीची मंजुरी दुसरीला चालत नाही. पेशींमध्ये चमकणारं जनुक घालणार असाल तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडेही जावं लागतं. मानवी भ्रूण १४ दिवसांपलीकडे किंवा आदिरेषा (थर पडायला लागल्याची भ्रूणावरची पहिली खूण) दिसू लागल्यानंतर, जे आधी होईल त्यापुढे वाढवायला आपल्याकडे बंदी आहे.

ही मर्यादा १९८४च्या ब्रिटनमधल्या वॉर्नॉक समितीच्या अहवालातून आली. तेव्हा मूलपेशींचे गोळे कुणाच्या स्वप्नातही नव्हते, त्यामुळे नियमाच्या शब्दांत गॅस्ट्रुलॉइड नीट बसत नाही. गॅस्ट्रुलॉइड हे भ्रूण नाही. त्याला वारेच्या पेशी नाहीत, मेंदूचा पुढचा भाग नाही, ते रुजू शकत नाही. तरीही अर्जात ‘हा नियम आम्हाला लागू नाही’ असं लिहून मोकळं होऊ नका. मूलपेशी संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२५च्या सुधारणेत सगळ्या त्रिमितीय भ्रूण-मॉडेलना देखरेखीखाली आणलं आहे. प्रयोग कोणत्या दिवशी थांबवणार ते आधीच लिहून देणं त्यात अपेक्षित आहे, आणि असं मॉडेल कुणाच्याही, अगदी जनावराच्याही, गर्भाशयात ठेवायला ठाम मनाई आहे. अर्जात तीन ओळी नक्की घाला: प्रयोग कितव्या तासाला संपेल, तो तिथेच का संपेल आणि संपल्यावर गोळ्यांचं काय होईल.

पेशींची लाइन, म्हणजे एकाच मूळ देणगीतून वर्षानुवर्षं वाढवत ठेवलेल्या पेशी, निवडताना मूळ देणगीदाराचं संमतिपत्र मागवून वाचा. ‘संशोधनासाठी’ एवढ्या मोघम शब्दांत भ्रूण-मॉडेल बसतं की नाही, हे समितीला ठरवू द्या. जगभर या कामात एच९ आणि आरयूईएस२ या भ्रूणमूलपेशींच्या लाइन खूप वापरल्या जातात. आपल्याकडेही लाइन तयार झाल्या आहेत: मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत केआयएनडी१ आणि केआयएनडी२, तर बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात बीजेएनहेम१९ आणि बीजेएनहेम२०. त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशी मूलपेशींच्या अवस्थेत मागे वळवून केलेल्या आयपीएस पेशीही चालतात. शिन्या यामानाका यांनी २००६-०७ मध्ये दिलेल्या या पद्धतीमुळे भ्रूणाला हात न लावता मूलपेशी मिळतात आणि रुग्णाच्या स्वतःच्या पेशींपासून मॉडेल करता येतं. पहिल्या खेपेला मात्र जिच्यावर गॅस्ट्रुलॉइड आधी झालेले आहेत अशी लाइन घ्या, नाहीतर बिघाड पद्धतीत आहे की पेशींत, हे कळणारच नाही.

खरं काम इथे आहे: पेशींची निगा

गॅस्ट्रुलॉइड बिघडले की सगळे गोळे केल्याच्या दिवसाकडे पाहतात. कारण बहुधा आदल्या दोन आठवड्यांत असतं. विरजण बिघडलेलं असेल तर दूध कितीही चांगलं असून दही लागत नाही, तसंच. म्हणून हा भाग लांबवून सांगतो.

पेशी मॅट्रिजेल किंवा व्हिट्रोनेक्टिन या प्रथिनाचा थर दिलेल्या प्लेटवर, ठरलेल्या मीडियममध्ये (पोषक द्रवात) वाढवा. मीडियम कोणतंही निवडा, पण एकदा निवडल्यावर प्रयोग संपेपर्यंत बदलू नका. मीडियम बदललं की गॅस्ट्रुलॉइडसाठी लागणारी रसायनाची मात्राही बदलते. मॅट्रिजेल हे उंदराच्या गाठीतून काढलेलं मिश्रण. दर लॉटला थोडं वेगळं. म्हणून माझा कल व्हिट्रोनेक्टिनकडे आहे. मॅट्रिजेल वापरायचंच असेल तर एकाच लॉटच्या पुरेशा बाटल्या एकदम घ्या. ते फ्रिजमध्ये रात्रभर, बर्फात ठेवून वितळवा आणि थंड केलेल्या टिपांनी, थंड नळ्यांत वाटा. खोलीच्या तापमानाला ते घट्ट होऊ लागतं आणि मग परत सहज सैल होत नाही. मे महिन्यात एसी बंद पडलेल्या खोलीत हे काम काढू नका.

रोज, हो, रविवारीसुद्धा, पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. चांगली कॉलनी सपाट, कडा रेखीव, पेशी दाटीवाटीने बसलेल्या, केंद्रकात केंद्रिका ठळक. कडेने पेशी पसरू लागल्या, मध्ये पिवळट ढीग दिसू लागला तर ते वेगळ्या वाटेला लागल्याचं लक्षण. थोडा भाग असेल तर हूडखाली टिपने खरवडून काढा. जास्त असेल तर ती प्लेट फेका आणि नवी कुपी वितळवा. वाचवत बसण्यात आठवडे जातात.

पॅसेज करताना, म्हणजे वाढलेल्या पेशी सोडवून नव्या प्लेटमध्ये पातळ पेरताना, ०.५ मिलिमोलर ईडीटीए वापरून छोट्या गुच्छांत सोडवा. प्लेट सुमारे ७० टक्के भरली की पॅसेज. पूर्ण भरू देऊ नका. वितळवल्यानंतर निदान दोन पॅसेज होऊ द्या, मगच प्रयोगाला घ्या. आणि प्रत्येक प्रयोगासाठी साधारण एकाच पॅसेज-टप्प्यातल्या पेशी वापरा. त्यासाठी सुरुवातीलाच एकाच दिवशी गोठवलेल्या कुप्यांची बँक करून ठेवा.

तीन तपासण्या कधीही टाळू नका. मायकोप्लाझ्माची चाचणी दर महिन्याला, कारण हा जंतू मीडियम गढूळ करत नाही, गुपचूप राहतो आणि पेशींचं वागणं बदलतो. कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, कुप्यांची बँक करताना आणि नंतर ठरावीक पॅसेजनंतर. मानवी मूलपेशी दीर्घकाळ वाढवल्या की त्यांच्यात काही ठरावीक गुणसूत्री बदल पुन्हा पुन्हा येतात. १, १२, १७ आणि २० ही गुणसूत्रं विशेष बदनाम. त्यातही २०व्या गुणसूत्रावरच्या २०क्यू११.२१ या भागाची जादा प्रत पेशींना मरणापासून वाचवते, त्यामुळे अशा पेशी हळूहळू सगळी प्लेट व्यापतात. हा बदल नेहमीच्या पट्टेदार कॅरिओटाइपमध्ये अनेकदा दिसत नाही, म्हणून त्याची वेगळी क्यूपीसीआर (डीएनएच्या प्रती मोजणारी) चाचणी करा. तिसरी तपासणी ओळख पटवण्याची: डीएनएवरून पेशींची ओळख सांगणारं एसटीआर प्रोफाइल. ही एच९च आहे ना, एवढं खात्रीने सांगता आलं पाहिजे.

आपल्याकडच्या अडचणी परदेशी प्रोटोकॉलमध्ये लिहिलेल्या नसतात. वाढीची प्रथिनं कोरड्या बर्फात येतात आणि कस्टममध्ये दोन दिवस अडकली तर बर्फ उडून जातो. पेटी आल्याबरोबर बर्फ शिल्लक आहे का ते पाहा आणि फोटो काढून नोंदवा. इन्क्युबेटरचा कार्बन डायऑक्साइड सिलिंडर शुक्रवारी बघायचा, सोमवारी नाही. वीज गेल्यावर जनरेटर लागेपर्यंत इन्क्युबेटरचं दार कुणीही उघडू नये, असा कागदच दारावर चिकटवा.

गोळे करण्याची कृती

पुढची चौकट २०२०च्या केंब्रिज पद्धतीवर आधारलेली आहे. मात्रा ही तुमच्या लाइनची सुरुवात समजा, शेवट नव्हे.

आधी कल्पना समजून घ्या. चिरॉन, म्हणजे सीएचआयआर९९०२१, हे छोटं रसायन विंट संकेत जागा करतं. भ्रूणात आदिरेषा सुरू होते ती विंटच्याच जोरावर. मानवी पेशींना हा धक्का गोळा होण्याआधी, सपाट असतानाच द्यावा लागतो. उंदराच्या पेशींना तो गोळा झाल्यावर देतात. केंब्रिजच्या कामातला हा फरक वरवर बारीक वाटतो, पण मानवी गोळे लांबतात की नाही हे त्यावरच ठरतं.

चिरॉनचा साठा डीएमएसओ या द्रावकात १० मिलिमोलर करा, म्हणजे दर मिलिलिटरला सुमारे ४.६५ मिलिग्रॅम. छोट्या नळ्यांत वाटून गोठवा. एकदा वितळवलेली नळी परत गोठवू नका. ३.२५ मायक्रोमोलर करायला एका मिलिलिटरमध्ये या साठ्याचा फक्त ०.३२५ मायक्रोलिटर पडतो आणि एवढं कुठलंही पिपेट विश्वासाने मोजत नाही. म्हणून आधी मीडियममध्ये मधली पातळ पायरी करा किंवा एकदम १५-२० मिलिलिटर बनवा.

पूर्वतयारीचा दिवस. पेशी मोजून, दर वेळी सारख्याच दाटीने सहा खड्ड्यांच्या प्लेटमध्ये पेरा. पेरताना पेशींना मरणापासून वाचवणारं रॉक इनहिबिटर हे रसायन घाला, कारण मानवी मूलपेशी एकेकट्या सुटल्या की मोठ्या प्रमाणात मरतात. दुसऱ्या दिवशी ते काढून टाका. प्लेट मध्यम भरेपर्यंत वाढू द्या.

धक्क्याचा दिवस. जुनं मीडियम काढून ३.२५ मायक्रोमोलर चिरॉन घातलेलं मीडियम द्या. वेळ लिहा. २४ तास म्हणजे २४ तास, ‘संध्याकाळपासून दुपारपर्यंत’ नव्हे. शेजारच्या एका खड्ड्याला फक्त तेवढंच डीएमएसओ द्या.

गोळ्यांचा दिवस. पेशी धुऊन ईडीटीएने सोडवा, हलक्या हाताने वर-खाली करून एकेकट्या करा आणि मोजा. दोनदा मोजा. आता ई६ मीडियम घ्या. ई६ म्हणजे ई८ या मूलपेशींच्या नेहमीच्या मीडियममधून एफजीएफ२ आणि टीजीएफ-बीटा ही वाढीची प्रथिनं वगळलेलं. पेशींना मूलपेशी म्हणून धरून ठेवणारे दोर इथे आपण सोडतो. त्यात ०.५ मायक्रोमोलर चिरॉन आणि ५ मायक्रोमोलर रॉक इनहिबिटर घाला. प्रत्येक खड्ड्यात ४० मायक्रोलिटरमध्ये ४०० पेशी हव्यात, म्हणजे दर मिलिलिटरला १०,००० पेशी. ९६ खड्ड्यांना ३.८४ मिलिलिटर लागतं. ५ मिलिलिटरमध्ये ५०,००० पेशी घेऊन मिश्रण करा म्हणजे कमी पडणार नाही. यू-आकाराच्या तळाची, पेशी अजिबात न चिकटणारी ९६ खड्ड्यांची प्लेट वापरा. इथे पैसे वाचवायला साधी प्लेट घेतली तर पेशी तळाला चिकटतात आणि सगळं वाया जातं. वाटताना दर रांगेनंतर मिश्रण पुन्हा हलवा, नाहीतर पेशी खाली बसतात आणि शेवटच्या रांगेत दुप्पट जातात. प्लेट अगदी हलक्या वेगाने दोन मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की पेशी तळाशी एकत्र येतात.

२४ तासांनी प्रत्येक खड्ड्यात एकच, गोल, नीट कडांचा गोळा दिसला पाहिजे. भोवती काही मेलेल्या पेशी असतातच. १५० मायक्रोलिटर ताजं ई६ हळूच कडेने सोडा. यात आता चिरॉन नाही आणि रॉक इनहिबिटरही नाही.

४८ तासांनी बरेच गोळे अंडाकृती होऊ लागतात. १५० मायक्रोलिटर काढून तेवढंच ताजं घाला. काढताना टिप खड्ड्याच्या भिंतीला लावून ठेवा. तळाशी नेली की गोळा टिपमध्ये जातो. तो गेला हे लगेच कळतही नाही.

७२ तासांनी गोळा एका बाजूला लांबलेला दिसतो. इथे थांबायचं. यापुढे तो फारसा पुढे जात नाही, बरेचदा आकसतो, आणि परवानगीच्या अर्जात लिहिलेली वेळही हीच असेल.

पहिल्या खेपेला जमत नाही तेव्हा

सगळ्यांत आधी धक्क्याच्या चिरॉनची मात्रा जुळवा. एकाच दिवशी, एकाच प्लेटमधल्या पेशींवर २.५, ३, ३.२५, ३.५ आणि ४ मायक्रोमोलर अशी शिडी करा. मात्रा कमी पडली तर गोळे सहसा गोलच राहतात आणि टीबीएक्सटी हे मागच्या टोकाचं जनुक एका जागी गोळा होत नाही. जास्त झाली तर पेशी सरसकट मेसोडर्मकडे झुकतात, गोळा विस्कटल्यासारखा दिसतो आणि टोक ओळखू येत नाही. दोहोंच्या मधली पट्टी अरुंद असते आणि दर लाइनला वेगळी.

मात्रा जुळूनही एका खेपेला जमतं आणि दुसऱ्या खेपेला नाही, असं होत असेल तर पेशींची दाटी पाहा. धक्का देताना प्लेट दर वेळी सारखी भरलेली होती का? दाटीनुसार पेशी धक्क्याला वेगळा प्रतिसाद देतात. त्यानंतर पॅसेज, मग मीडियमचा लॉट. प्लेटच्या कडेचे खड्डेच बिघडत असतील तर कारण बाष्पीभवन. इन्क्युबेटरच्या ट्रेमध्ये पाणी आहे का ते बघा आणि कडेच्या ओळीत नुसतं बफर भरा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हा नियम सगळ्यांना माहीत असतो आणि घाईत सगळे मोडतात.

दिसलं ते मोजायचं कसं

लांबलेला गोळा म्हणजे गॅस्ट्रुलॉइड, असं लगेच समजू नका. नुसती लांबी फसवते. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये फिक्स करा आणि अँटिबॉडीने तीन-चार ओळखखुणा पाहा. मागच्या टोकाला टीबीएक्सटी आणि सीडीएक्स२, पुढच्या बाजूला गॅटा६, एंडोडर्मसाठी सॉक्स१७, आणि सॉक्स२ कुठे आहे ते. ही मांडणी एकाच दिशेने, बहुतेक गोळ्यांत दिसली तरच अक्ष तयार झाला म्हणा. उचलताना टिपचं टोक कापून रुंद करा आणि टिप आधी बीएसए या प्रथिनाच्या द्रावणात बुडवून घ्या, म्हणजे गोळे आतून चिकटत नाहीत.

फोटो सगळ्या ९६ खड्ड्यांचे घ्या, सुंदर दिसणाऱ्या दहाचे नको. मधल्या रेषेवरची लांबी भागिले रुंदी हे साधं माप पुरतं. किती टक्के गोळे लांबले, किती गोल राहिले, किती खड्ड्यांत दोन गोळे झाले, ही संख्या प्रत्येक खेपेची लिहा. मोजणाऱ्याला कोणती प्लेट कसली आहे हे माहीत नसावं.

आकडेवारीत एक चूक छापील लेखांतही सर्रास दिसते. एका प्लेटमधले ९६ गोळे म्हणजे ९६ स्वतंत्र प्रयोग नव्हेत. ते एकाच दिवशीच्या, एकाच पेशींचे भाऊ आहेत. स्वतंत्र प्रयोग म्हणजे वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजपासून पुन्हा सुरू केलेली खेप. अशा निदान तीन खेपा झाल्यावरच निष्कर्षाचं बोलावं.

पुढे खोलात जायचं असेल तर एकेका पेशीचं आरएनए सीक्वेन्सिंग करून ते मानवी भ्रूणाच्या नकाशाशी ताडून पाहा. वर सांगितलेला ऑक्सफर्डचा नकाशा त्यासाठी आहे. केंब्रिजच्या कामात ७२ तासांचा मानवी गॅस्ट्रुलॉइड कार्नेगी टप्पा ९च्या, म्हणजे साधारण १९ ते २१ दिवसांच्या भ्रूणाशी ताडला होता. उंदराचे नकाशे जास्त भरलेले आहेत म्हणून त्यांचा मोह होतो. पण नेमका जिथे माणूस आणि उंदीर वेगळे आहेत तिथेच ते वाट चुकवतात, आणि मानवी मॉडेलचा खटाटोप आपण त्या फरकासाठीच केलेला असतो.

मणक्यांचं घड्याळ

हा फरक सगळ्यांत स्वच्छ दिसतो तो सोमाइटच्या घड्याळात. भ्रूणाच्या मागच्या टोकाकडून लाटा उठतात, एचईएस७सारखी जनुकं ठरावीक लयीत चालू-बंद होतात आणि प्रत्येक फेरीला सोमाइटची एक जोडी सुटी होते. झेब्राफिशमध्ये ही फेरी सुमारे ३० मिनिटांची, कोंबडीत ९० मिनिटांची, उंदरात दोन तासांच्या आसपास. माणसाची फेरी प्रत्यक्ष पाहणं शक्यच नव्हतं. २०२० मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या गटांनी मूलपेशींपासून सोमाइटपूर्व मेसोडर्म करून तिची लय मोजली: सुमारे ५ तास. त्यातून कळलं की मानवी एचईएस७ जनुक उंदराच्या पेशीत घातलं तरी लय उंदराचीच राहते. म्हणजे वेग त्या एका जनुकाच्या अक्षरांत नाही. पेशीतल्या रासायनिक क्रिया कोणत्या गतीने चालतात त्यावर तो ठरतो.

हे मोजायला एचईएस७च्या प्रवर्तकामागे (जनुक चालू करणाऱ्या भागामागे) ल्युसिफरेज हे प्रकाश निर्माण करणारं विकर जोडलेली लाइन लागते. तिच्यापासून सोमाइटपूर्व मेसोडर्म तयार करा, मीडियममध्ये ल्युसिफेरिन घाला आणि प्रकाशाचं माप दर १० मिनिटांनी घ्या. निदान २४ तास नोंद हवी, म्हणजे चार-पाच फेऱ्या हाती लागतात. नंतर पेशींची एकमेकींशी जुळलेली लय सुटते, पेशी पक्व होतात आणि आलेख विरत जातो; हा बिघाड नाही. फ्लुओरोसंट प्रथिनापेक्षा ल्युसिफरेज इथे बरं, कारण वारंवार प्रकाश पाडून पेशी भाजत नाहीत.

साध्या मानवी गॅस्ट्रुलॉइडमध्ये सोमाइटची जनुकं चालू होतात, पण डोळ्यांना दिसणारे सोमाइट सुटे होत नाहीत. क्योटोच्या गटाने मीडियममध्ये पातळ मॅट्रिजेल आणि ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातलं रेटिनॉइड घातल्यावर ते सुटे, कवच असलेले सोमाइट झाले. पेशींना बाहेरून आधार देणारं जाळं आणि एक छोटा रेणू, एवढ्याने रचना उभी राहिली. स्पाँडिलोकॉस्टल डिसॉस्टोसिस या जन्मजात आजारात मणके आणि बरगड्या वेड्यावाकड्या जुळतात. त्यामागे डीएलएल३, एचईएस७, एमईएसपी२ अशा याच यंत्रणेतल्या जनुकांचे दोष सापडले आहेत. अशा रुग्णाच्या आयपीएस पेशी असतील तर हे मॉडेल थेट उपयोगाचं. मात्र तुलनेसाठी नुसती दुसऱ्या निरोगी माणसाची लाइन पुरत नाही. त्याच रुग्णाच्या पेशींत दोष दुरुस्त केलेली लाइन हवी. दोन माणसांतला साधा फरकही आजारासारखा दिसू शकतो.

औषधाची चाचणी करायची असेल तर

थॅलिडोमाइड १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलं आणि १९६१च्या अखेरीस मागे घेतलं गेलं. तोवर हजारो बाळं हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्मली होती. उंदरांवर ते परिणाम दिसत नाहीत. म्हणून मानवी मॉडेलवर औषध तपासण्याची कल्पना आकर्षक वाटते, आणि ती योग्यही आहे, पण पथ्यं पाळून.

मात्रा निवडताना औषध घेणाऱ्या माणसाच्या रक्तात ते किती असतं त्यावरून शिडी बांधा. कुठल्याही रसायनाची भरमसाट मात्रा गोळा मारतेच, त्यातून काही कळत नाही. गोळा लहान राहिला आणि मांडणी शाबूत असेल तर ती सर्वसाधारण विषबाधा. गोळा नेहमीएवढा आणि मांडणी बिघडलेली असेल तर तो शरीररचनेवरचा परिणाम. दोन्ही मापं वेगळी नोंदवा. दर प्लेटमध्ये डीएमएसओचे खड्डे, एक घातक म्हणून माहीत असलेलं औषध आणि एक निर्धोक म्हणून माहीत असलेलं औषध ठेवा.

आणि यकृताचा विचार करा. सायक्लोफॉस्फमाइडसारखी औषधं यकृतात बदलल्यावरच क्रियाशील होतात. गॅस्ट्रुलॉइडला यकृत नाही, त्यामुळे असं औषध इथे साळसूद दिसेल. ‘परिणाम आढळला नाही’ याचा अर्थ ‘गरोदर बाईला सुरक्षित’ असा होत नाही, आणि हे वाक्य तुमच्या अहवालात ठळक लिहा, कारण ते वगळून पुढे पाठवणारे खूप असतात.

नोंदवहीत काय हवं

लाइनचं नाव, पॅसेज क्रमांक, शेवटच्या मायकोप्लाझ्मा आणि गुणसूत्र तपासणीची तारीख. मीडियम, थर आणि चिरॉनचे लॉट क्रमांक. पेरलेल्या पेशी, धक्क्याच्या वेळची दाटी, धक्का सुरू आणि बंद केल्याची घड्याळातली वेळ. एकूण खड्डे, फेकलेले खड्डे आणि फेकण्याचं कारण. न जमलेल्या खेपाही त्याच वहीत, त्याच रकान्यांत लिहायच्या; मूलपेशी समितीला वार्षिक अहवाल देताना या सगळ्या लागतात, आणि तुमच्यानंतर येणारा विद्यार्थी सुरुवात त्या पानांपासूनच करणार असतो.

लिहिताना आणि बोलताना या गोळ्यांना ‘कृत्रिम भ्रूण’ म्हणू नका. वार्ताहर तो शब्द मागतील. ‘मूलपेशींपासून केलेलं भ्रूण-मॉडेल’ हा शब्दप्रयोग लांब आहे, मथळ्यात बसत नाही, पण प्रयोगाच्या ७२व्या तासाला खड्ड्यात जे असतं त्याच्याशी तो जुळतो.